माया अर्धा इंच

कात्रीवर पोट भरणाऱ्या माणसाने कात्रीलाच घाबरावं, याला काय म्हणावं? लोकांनी नावं ठेवलीच, आणि त्यात त्यांचं फार चुकलं असंही नाही. पण धाकट्या मास्तरांची ही गोष्ट आधी पुरती ऐकून घ्या, मग काय हसायचं ते हसा. ते स्वतःही आता हसतात.

धाकटे मास्तर नावापुरतेच धाकटे. वय बासष्ट, डोक्यावर काळा केस औषधालाही सापडायचा नाही. पण दुकानात त्यांचे दादा थोरले मास्तर होते, म्हणून हे धाकटे. दुकान म्हणजे दहा बाय चौदाची खोली. पुढे काउंटर, मागे शिलाईमशीन, आणि मधोमध कमरेइतकं उंच कापायचं टेबल. चाळीस वर्षं दादांनी कापलं आणि यांनी शिवलं. दादा मापं घेणार, खडूने रेघा मारणार, कात्री चालवणार. मास्तर त्या रेघांवरून मशीन नेणार. दोघांत कधी वाद नाही. वाद व्हायला दोन मतं लागतात, आणि दुकानात मत एकच होतं, दादांचं.

मागच्या हिवाळ्यात एका मंगळवारी दादा दुपारचा चहा पिऊन उठले, एका पँटच्या कापडावर अर्धी रेघ मारली आणि खाली बसले, ते बसलेच. डॉक्टर येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. मास्तरांनी ती पँट पुरी केली, कारण उरलेली रेघ कुठे जाणार हे त्यांना डोळे मिटूनही ठाऊक होतं. पण पुढच्या कापडावर रेघच नव्हती. आता रेघही यांनीच मारायची आणि कात्रीही यांनीच चालवायची.

सुरुवात मायेपासून झाली. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात, त्याला शिवणकामात माया म्हणतात. वरून दिसत नाही, पण पुढे अंगाने सुटलात तर उसवून कपडा सैल करता येतो. दादांची माया ठरलेली, अर्धा इंच. मास्तरांनी भीतीपोटी पाऊण सोडली, मग एक, मग दीड, आणि बघता बघता अडीच इंचांवर गाडी आली. कपड्यांच्या आत एवढं कापड साठायला लागलं की नाकापेक्षा मोती जड झाला. एका गिऱ्हाइकाने पँट काउंटरवर आपटून विचारलं, मास्तर, ही एकट्यासाठी आहे की आत आणखी कुणाला घ्यायचंय? आणि मग एक दिवस कात्री हातात घेतल्यावर छातीत धडधडायला आणि दुखायला लागलं, घाम फुटला आणि श्वास पुरेना. पुढे रोजच तसं व्हायला लागलं. मास्तरांनी कापणं बंद केलं आणि दुकानावर फक्त बाह्या आखूड करणं, चेन बदलणं अशी किरकोळ कामं उरली.

हृदयाच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि हृदय ठणठणीत आहे असं सांगितलं. मास्तरांना त्याचा आनंद व्हायच्या ऐवजी रागच आला. दुखतंय ते काय खोटं? डॉक्टरांनी एका समुपदेशक बाईंचा पत्ता लिहून दिला. मास्तरांनी चिठ्ठी टाचण्यांच्या डबीत टाकली, आणि ती तिथेच राहिली असती, पण मध्ये लेकीचा कोट आला.

मास्तरांची एकुलती लेक. तिला दूरच्या, थंड शहरात नोकरी लागली होती आणि वीस तारखेला ती निघणार होती. दादांनी आपल्या पुतणीसाठी गडद निळं लोकरी कापड कधीचं घेऊन ठेवलं होतं. हिच्या पहिल्या नोकरीचा कोट आपल्याच दुकानात होणार, असं ते सांगत. कापड एका कोटापुरतंच, त्याची गिरणीही केव्हाच बंद पडलेली. म्हणजे चुकलं की संपलं. लेकीने ते कापड आणून टेबलावर ठेवलं आणि वडिलांना म्हणाली, बाबा, कोट तुम्ही कापा, दुसऱ्या कुणाकडे द्यायचा नाही. नाही जमलं तर कापड तसंच घेऊन जाईन, पण बाजारातला कोट घालणार नाही. ती बापाच्या वळणावरच गेलेली. त्या दिवशी बायकोने टाचण्यांची डबी काउंटरवर उपडी केली, चिठ्ठी उचलली आणि मास्तरांना पुढे घातलं.

बाईंची खोली चष्म्याच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर. समोरासमोर दोन खुर्च्या, मध्ये टेबल नाही, खिडकीत एक कुंडी. घड्याळ मात्र येणाऱ्याच्या पाठीमागे लावलेलं, म्हणजे ते फक्त बाईंना दिसणार. मास्तरांनी ही लबाडी आल्या आल्या टिपली. बाई पन्नाशीच्या, अंगात राखाडी जाकीट. त्यांनी काय होतंय म्हणून विचारलं, तर मास्तर म्हणाले, तुमच्या डाव्या बाहीला खांद्यापाशी चुणी पडतेय, ज्याने लावली त्याला अक्कल नाही. बाईंना राग आला नाही. त्यांनी मान वळवून चुणी पाहिली आणि इतकी वर्षं लक्षातच आलं नव्हतं असं कबूल केलं. मग त्यांनी विचारलं, कात्री हातात घेतली की नेमकं काय होतं?

"हात जात नाही," मास्तर म्हणाले.

"हात जात नाही, की तुम्ही नेत नाही?"

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उरलेला वेळ ते कुंडीकडे बघत बसले आणि घरी येऊन बायकोवर उखडले. छातीत दुखतं म्हणून गेलो, तर त्या बाईने व्याकरणाचा तास घेतला! बायको भाजी चिरत होती. तिने सुरी न थांबवता विचारलं, परवा माझा निळा कप कुणी फोडला? मास्तर म्हणाले, फुटला तो. आपोआप? बायकोने विचारलं, आणि लेक आतल्या खोलीतून खुदकन हसली.

पण कानात एकदा किडा गेला की गेलाच. त्या आठवड्यात मास्तरांना स्वतःचंच बोलणं ऐकू यायला लागलं. गिऱ्हाइकाला फोन करायचा राहून गेला. लेकीशी बोलणं होत नाही. दुकान उघडावं लागतं. दिवसभर नुसतं राहत होतं, होत होतं, लागत होतं. त्यात मास्तर कुठेच नव्हते. आणि गुरुवारी एका शाळेच्या गणवेशाला बटण लावताना त्यांच्या मनात नेहमीचं वाक्य आलं, की दादाने मला कधी कापू दिलं नाही. हे वाक्य बायकोने चाळीस वर्षं ऐकलं होतं. या वेळी मास्तर त्या वाक्याशी अडले. सुई बोटात गेली तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

पुढच्या भेटीला ते स्वतःहून, कुणी न ढकलता गेले. दादांनी तीनदा कात्री पुढे केली होती, हे त्यांनी बाईंना सांगितलं. एकदा मास्तर स्वतः बावीस वर्षांचे असताना. एकदा दादांचा हात इस्त्रीने भाजला तेव्हा. आणि तिसऱ्यांदा, दादांची नजर मंद व्हायला लागली तेव्हा, दोनच वर्षांपूर्वी. तिन्ही वेळा मास्तरांनी हात मागे घेतला होता आणि म्हटलं होतं, तूच काप दादा, तुझा हात सरस. चुकलं तर दादाचं चुकेल, आपण काय, रेघेवरून शिवणार. बाईंनी हळूच विचारलं, "म्हणजे कात्री नको कोण म्हणालं?"

"मी," मास्तर म्हणाले.

एवढा एक अक्षराचा शब्द तोंडातून काढायला बासष्ट वर्षं गेली बघा. मास्तर रडले. दादांच्या वेळीही रडले नव्हते असे रडले, आणि बाईंनी ते आवरतं घ्यायची घाई केली नाही. समजूत घातली नाही, पाण्याचा पेला पुढे केला नाही, फक्त तिथे बसून राहिल्या. मास्तर सांगतात, आपलं रडणं कुणी इतक्या निवांतपणे पाहिलं, असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं. जिना उतरताना मात्र त्यांना हलकं वाटत होतं आणि त्याचं त्यांनाच नवल वाटलं. दादाने दिलीच नाही असं असतं, तर आता दादाच नाही म्हटल्यावर सगळं संपलंच होतं. पण नको मीच म्हणालो होतो, तर हो म्हणायलाही मीच आहे की!

आता तुम्हाला वाटेल, झालं, दुसऱ्या दिवशी मास्तरांनी कात्री उचलली. इतकं सोपं असतं तर बाईंनी खोली कशाला भाड्याने घेतली असती? तारीख बारा झाली, तेरा झाली. लेकीची बॅग कोपऱ्यात भरून तयार होती आणि कापड टेबलावर घडीच्या घडीच होतं. चौदा तारखेला मास्तर पुन्हा त्या खुर्चीत बसले आणि या वेळी त्यांनी मायेचं सांगितलं. बाईंना तो शब्द या अर्थाने माहीत नव्हता. त्यांनी लहान मुलीच्या कुतूहलाने विचारून घेतलं, की ती किती सोडायची, कुठे सोडायची, कमी पडली तर काय होतं. मास्तर खुलले, हातवारे करून सांगायला लागले. मग बाईंनी विचारलं, आणि हल्ली तुम्ही अडीच इंच सोडत होतात, ती कुणासाठी?

मास्तर बोलता बोलता थांबले. स्वतःशीच हसले. "ती माया नव्हती हो, बाई. ती भीती होती. आत दुमडून शिवत होतो इतकंच."

मग त्यांनी खरं काय ते विचारलं. दादा चहा पिऊन उठले आणि गेले. मीही असाच जाईन, आज नाहीतर उद्या. मग एवढं एकच कापड, ते मी बिघडवलं तर? तुम्ही इतक्या शिकलेल्या, सांगा मला, चुकणार नाही ना? मास्तरांना एक हो हवं होतं. कुणीही देतं ते. दुकानात मास्तर स्वतःच गिऱ्हाइकांना रोज देत, होईल हो तुमचं शनिवारपर्यंत. बाईंनी दिलं नाही.

"चुकणार नाही असं मी सांगू शकत नाही, मास्तर. चुकालही. आणि नाही कापलंत तरी वीस तारीख येणारच आहे." मग त्या म्हणाल्या, "मलाही भीती वाटते. या खुर्चीत नवीन माणूस बसलं की दर वेळी वाटते. भीती गेल्यावर सुरू करायचं ठरवलं असतं, तर आज आपली भेट झाली नसती."

मास्तर त्यांच्याकडे बघतच राहिले. त्यांना वाटत होतं, बाई काठावर उभ्या राहून हात देतायत. बाई तर त्यांच्याइतक्याच पाण्यात होत्या. याने धीर सुटायला हवा होता, पण झालं उलटंच. सगळेच जर असे गळ्यापर्यंत पाण्यात असतील, तर मग लाजायचं कुणाला?

पंधरा तारखेला सकाळी मास्तरांनी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. बायको बरोबर आली होती. मी कापड धरू का, म्हणाली. मास्तर म्हणाले, तू इथे बस, मला बरं वाटेल, पण धरतो मी आणि कापतोही मीच. खडू घेतला. रेघा मारल्या, त्या नुसत्या दादांसारख्या नव्हेत. लेक डावा खांदा किंचित उतरता ठेवून चालते हे दादांनी कधी धरलं नव्हतं, ते यांनी धरलं. माया अर्धा इंच सोडली. कात्री उचलली. छाती धडधडायला लागली. मास्तरांनी ती धडधडू दिली आणि कात्रीचं पातं कापडात घातलं.

कर्र असा तो आवाज. पाठ निघाली. पुढचे दोन्ही भाग निघाले, कॉलर निघाली, खिशांच्या झडपा निघाल्या. मास्तर गुणगुणायला लागले. शेवटी बाह्या कापल्या, कात्री खाली ठेवली आणि बायकोकडे असं पाहिलं की ती लग्नानंतर पहिल्यांदाच लाजली. चहा झाला. मग मास्तरांनी दोन्ही बाह्या जुळवायला हातात घेतल्या, आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

दोन्ही बाह्या डाव्या होत्या.

झालं होतं असं, की दादा कापड दुमडून दुपदरी कापत, म्हणजे एका कापण्यात डावी-उजवी दोन्ही निघत. मास्तरांना खालचा पदर सरकेल अशी धास्ती, म्हणून त्यांनी कापड उलगडून एकपदरी ठेवलं. अशा वेळी ज्याच्याभोवती रेघ मारतात तो बाहीच्या आकाराचा कागद एकदा सुलटा ठेवायचा आणि दुसऱ्यांदा उलटा. बाकी सगळीकडे त्यांनी हे आठवणीने केलं. शेवटी आनंदाच्या भरात विसरले. शिवणकामात पहिल्या वर्षाची पोरं करतात ती चूक. आणि उरलेल्या कापडात बाही तर सोडा, बटवाही झाला नसता.

बायको उठून उभीच राहिली. आता यांना घाम फुटणार, आता श्वास लागणार. तिने हळूच विचारलं, काय झालं? मास्तर म्हणाले, "काही झालं नाही. मी चुकलो." आणि छातीवर हात ठेवून वाट पाहत राहिले. छाती गप्प होती. जी वाईट गोष्ट व्हायची भीती धरून त्यांनी चाळीस वर्षं काढली, ती होऊन गेली होती, आणि चहाचे कप अजून टेबलावरच होते, बाहेर एक सायकलवाला कुणाला तरी शिव्या देत होता, बायको समोर उभी होती. मास्तरांना एकदम सगळ्याबद्दल इतकं बरं वाटलं की त्यांनी बायकोचा हात धरला. तीनदा कात्री पुढे करणारे दादा, डबी उपडी करणारी बायको, हो न म्हणणाऱ्या बाई, एवढंच काय, दुखून दुखून इथवर आणणारी छातीसुद्धा. केवढं लाभलं आपल्याला, ते म्हणाले. बायकोला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला.

मग मास्तरांनी एक डावी बाही उलटी केली. डावी बाही उलटी केली की उजवी होते. फक्त कापडाची आतली बाजू बाहेर येते. ती बाजू जरा फिकी होती, तिच्यात बारीक राखाडी रेघ होती. एकटी बाही तशी लावली असती तर आंधळ्यालाही चूक दिसली असती. म्हणून त्यांनी कॉलरही उलटी केली, एका खिशाची झडपही उलटी केली. चूक लपवायची नाही, तिला सोबत द्यायची, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. तीन दिवस बसून त्यांनी कोट शिवला.

लेकीने कोट घातला आणि आरशासमोर उभी राहिली. खांद्याला एक चुणी नाही. तिने फिक्या बाहीवरून हात फिरवला आणि विचारलं, बाबा, हे असंच ठरवलं होतं का तुम्ही? आता बघा, जगातला कुठलाही शिंपी इथे हो म्हणतो. नवीन पद्धत आहे, म्हणतो. ते शब्द मास्तरांच्या ओठांवर आलेही.

"नाही," ते म्हणाले. "मी चुकलो, दोन्ही बाह्या डाव्या कापल्या. मग मी हे असं करायचं ठरवलं. दोन्ही माझंच आहे."

लेकीने कोट तसाच अंगात ठेवून बापाला मिठी मारली, आणि घरातल्या घरात, खिडक्या बंद असताना, जेवेपर्यंत काढला नाही.

एकोणीस तारखेला मास्तर बाईंकडे गेले आणि दोन डाव्या बाह्यांची गोष्ट सांगितली. बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. भीती गेली का, त्यांनी विचारलं. मास्तर म्हणाले, कुठली जातेय, टेबलापाशीच उभी असते. मी म्हणतो, जरा बाजूला हो बाई, उजेड अडतोय. मग त्यांनी आभार मानले. मी काय केलं, बाई म्हणाल्या, आणि मास्तरांनी सांगितलं की काय करायचं ते तुम्ही सांगितलं नाहीत, त्याबद्दलच मानतोय. निघताना त्यांनी हात पुढे केला. बाईंना वाटलं, हात मिळवायचाय. मास्तर म्हणाले, जाकीट काढा, ती चुणी मला बघवत नाही. बाईंनी जाकीट काढून दिलं, आणि त्या दिवशी पुढची सगळी माणसं त्यांनी साध्या सदऱ्यात भेटली.

वीस तारखेला सकाळी बसथांब्यावर चांगलं ऊन होतं. लेक कोट घालून घामाघूम उभी होती, पण काढायला तयार नव्हती. बस आली. चढता चढता तिने कोटाची आतली शिवण चिमटीत धरून चाचपली.

"माया किती ठेवलीत, बाबा?"

"अर्धा इंच."

"म्हणजे अंगाने सुटले, तर उसवून घ्यायला मला इथे यावं लागेल."

मास्तर तिच्याकडे नुसते बघत राहिले. व्याकरणाचा तो तास आता घरात सगळ्यांचाच झाला होता. लेक पायरीवर थांबली, हसली, आणि मागचा माणूस खोळंबला होता तरी तिने वाक्य नीट करून घेतलं.

"चुकले, बाबा. येईन मी."